देवमन खंडारे यांचं मूळ पद

अकोल्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात देवमन खंडारे सव्वीस वर्षं सर्व्हर सांभाळत होते. ते काम त्यांच्या हातून गेलं, ते माझ्यामुळे. असं मला कोणी म्हटलेलं नाही, त्यांनी तर नाहीच. पण काय झालं ते मला ठाऊक आहे, म्हणून लिहिते आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही.

मी अमरावतीची. नाव देवश्री, वडील इथल्याच कोर्टात वकिली करतात. मी पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला आहे. लॉकडाऊनमध्ये घरी आले ती परत गेलेच नाही, आणि कंपनीनेही विदर्भातली गिऱ्हाइकं माझ्याकडे देऊन टाकली. काम साधं आहे. एखाद्या ठिकाणी दहा-बारा सर्व्हर असतात, प्रत्येकावर एकेक काम चालतं. आम्ही त्यांच्या जागी दोन दणकट यंत्रं आणतो आणि जुनी सगळी यंत्रं त्या दोघांच्या पोटात बसवतो. लोखंड जातं, आतलं काम तसंच राहतं. आतल्या प्रत्येकाला वाटतं, अख्खं यंत्र आपलंच आहे. यालाच व्हर्च्युअल करणं म्हणतात.

संस्थेचं मुख्य कार्यालय अमरावतीला. अकोल्याला मोठा दवाखाना, आणि तेल्हारा, बार्शीटाकळी, मोझरी इथे छोटे. त्यांनी मला बोलावलं ते २०२२च्या मे महिन्यातल्या एका दुपारमुळे. त्या दुपारी अकोल्यात सेहेचाळीस अंश होतं. सर्व्हरच्या खोलीचा एसी सकाळीच बंद पडला होता आणि दोनच्या सुमारास रक्तपेढीचं यंत्र गेलं. कोणत्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत, ते सगळं त्या यंत्रात. रोज सकाळी आल्याबरोबर शिल्लक साठ्याची यादी कागदावर छापून रक्तपेढीच्या टेबलावर ठेवायची देवमनभाऊंची सवय होती. ती यादी होती म्हणून त्या दिवशी कोणाचं काही बिघडलं नाही. यंत्र पुन्हा उठायला मात्र दोन दिवस लागले. जुन्या, मोडीत काढलेल्या एका यंत्राची डिस्क काढून त्यांनी ती त्यात बसवली.

संस्थेचे सचिव उद्धवराव तिसऱ्या दिवशी अकोल्याला आले. सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘खंडारे, दवाखाना तुमच्या नशिबावर चालवायचा का आम्ही?’’

नवीन यंत्रांसाठी देवमनभाऊंनी चार वर्षांत पाच अर्ज दिले होते. ते उद्धवरावांच्याच टपालात होते. देवमनभाऊ ते काही बोलले नाहीत. हे मला रक्तपेढीतल्या रागिणी सिस्टरांनी नंतर सांगितलं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा जूनचा दुसरा आठवडा होता. खोलीच्या दारात उंच, हडकुळा, पांढऱ्या मिशांचा माणूस उभा होता.

‘‘मॅडम, चपला बाहेर काढजा. आत लय धूळ जाते.’’

ती खोली पूर्वी चादरी ठेवायची. चादरींच्या लोखंडी मांडण्यांवर अकरा यंत्रं बसवलेली. प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी, वळणदार अक्षरात: केसपेपर, लॅब, रक्तपेढी, औषधं, एक्स-रे, हजेरी, भांडार. बाजूला खिळ्याला लटकवलेली एक शाळेची वही. कोणत्या यंत्राचा पंखा कधी बदलला, कोणतं कधी स्वतःहून बंद पडलं, त्या दिवशी बाहेर ऊन किती होतं, सगळं तारखेसकट त्यात. मी बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हर रूम पाहिल्या आहेत. इतकी चोख नोंद मला कुठेही मिळालेली नाही.

‘‘इथे कूलर का नाही लावला?’’ मी विचारलं. अकोल्यात कूलर नाही अशी खोलीच सापडत नाही.

‘‘कूलरची हवा ओली असते ना. माणसाले चालते, यायले नाई चालत.’’

ते बार्शीटाकळीजवळच्या खेड्यातले. वडील मजुरी करायचे. देवमनभाऊंनी अकोल्याला आयटीआय केलं, इलेक्ट्रिशियनचं, आणि १९९६ साली दवाखान्यात वायरमन म्हणून लागले. त्याच वर्षी दवाखान्यात पहिला कॉम्प्युटर आला. त्यावेळच्या सचिवांनी सांगितलं, वायरमन, याची धूळ तू पुसत जा. पुसता पुसता ते शिकले. बंद पडलं की उघडायचं, पुन्हा लावायचं. इंग्रजी पुस्तकं आणली, शब्दकोश घेऊन बसले. एक यंत्र दोन झालं, दोनाची अकरा झाली. दर आठवड्याला एसटीच्या लाल गाडीने तेल्हाऱ्याला, बार्शीटाकळीला जाऊन तिथले कॉम्प्युटर पाहून यायचे. ‘सिस्टीमवाले खंडारे’ म्हणूनच सगळे त्यांना ओळखायचे. कागदावर मात्र त्यांचं पद वायरमनच राहिलं. नवीन पद मंजूर करू, असं दोन सचिवांनी सांगितलं. एक वारले, दुसऱ्यांची मुदत संपली.

सुरुवातीचं माझं काम मोजण्याचं होतं. प्रत्येक यंत्र दिवसभरात खरं किती काम करतं, हे पाहणारा एक छोटा प्रोग्राम मी पंधरा दिवस चालू ठेवला. आकडे आले ते मला त्यांना दाखवायचा संकोच वाटला. अकरापैकी नऊ यंत्रं दिवसाचा जवळजवळ सगळा वेळ रिकामी बसलेली होती. आपल्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्याइतकंही काम ती करत नव्हती. वीज मात्र पूर्ण खात होती, गरम पूर्ण होत होती आणि त्यांना थंड ठेवायला एसी पूर्ण लागत होता.

त्यांनी चष्मा लावून आलेख पाहिला. बराच वेळ पाहिला.

‘‘म्हंजे हे दिवसभर बसूनच राह्यते?’’

‘‘हो.’’

‘‘आन् मी यायच्यामागं पळून राह्यलो,’’ म्हणाले, आणि हसले. मग लगेच मला समजावून सांगायला लागले, जणू कल्पना त्यांचीच होती. ‘‘बरोबर हाय मॅडम. अकोला ते तेल्हारा अकरा गाड्या सोडल्या आन् एकेकीत तीन-तीन पाशिंजर. तुमी म्हणून राहिल्या, एकच गाडी भरून सोडा. आन् एक पाठीमागं तयार ठेवा, पंक्चर झालं तं.’’

त्यानंतर मी कित्येक गिऱ्हाइकांना हे काम याच शब्दांत समजावलं आहे. याहून चांगलं मला जमत नाही.

त्या महिन्यात मी आठवड्यातून तीन दिवस अकोल्याला जायचे. सकाळी अमरावतीहून बस, मूर्तिजापूरला चहा, दहाला दवाखान्यात. दवाखान्याचं कॅन्टीन बेताचंच. दुसऱ्याच आठवड्यात ते म्हणाले, ‘‘घर पाचच मिनिटांवर हाय. बाहेरचं कायले खाता?’’ त्यांच्या पत्नी, पंचफुलाकाकू, अंगणवाडीत मदतनीस होत्या आणि दुपारी घरी असायच्या. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, मुलगी लग्न होऊन यवतमाळला. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल. मी जेवत असताना काकू समोर बसून माझ्याकडे पाहायच्या. एक दिवस देवमनभाऊ हात धुवायला मागे गेले, तेव्हा त्यांच्या दिशेने मान करून काकूंनी सरळ विचारलं.

‘‘मॅडम, या नव्या मशीनीनं यायचं काम कमी होईन, का काम जाईन?’’

मी घास गिळला. म्हणाले, ‘‘कमी होईल, काकू. धावपळ कमी होईल.’’

‘‘धावपळ कमी झाली तं बरंच हाय. गुडघा दुखते त्यायचा.’’ त्यांनी अजून एक भाकर माझ्या ताटात ठेवली. ‘‘पण मी दुसरं इचारलं होतं.’’

तेवढ्यात देवमनभाऊ आले आणि ते तिथेच राहिलं. खरं सांगायचं तर मला तेव्हा उत्तर माहीत नव्हतं. पण मी ते शोधायलाही गेले नाही.

जुलैमध्ये अहवाल लिहायचा होता. विश्वस्तांना तो मराठीत हवा होता. कंपनीचा इंग्रजी नमुना ठरलेला असतो, गिऱ्हाइकाप्रमाणे आकडे बदलायचे. मी त्याचं मराठी केलं. अकराची दोन यंत्रं होतील. विजेचा आणि एसीचा खर्च निम्म्याहून खाली येईल. एक यंत्र बंद पडलं तर त्यावरची कामं आपोआप दुसऱ्यावर जातील, रुग्णाला थांबावं लागणार नाही. उद्या डायलिसिस विभागासाठी नवीन प्रोग्राम हवा असेल, तर नवीन यंत्र विकत घ्यायला तीन महिने लागतात. ते अर्ध्या तासात उभं करता येईल. जुने प्रोग्राम, जे आजच्या यंत्रांवर चालत नाहीत, ते त्यांच्या जुन्याच घरासकट आत ठेवता येतील. सगळ्याची एक प्रत रोज अमरावतीला जाईल. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आजही नाही.

शेवटून दुसरा मुद्दा असा होता: ‘सर्व यंत्रणेची देखरेख अमरावती येथून दूरस्थ पद्धतीने होईल. अकोला येथे या कामासाठी स्वतंत्र व्यक्तीची गरज उरणार नाही.’

मसुदा मी देवमनभाऊंना वाचायला दिला. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं होतं. ते पेन्सिल घेऊन बसले. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं, एका ठिकाणी ‘भांडार’चं यंत्र मी दोनदा मोजलं होतं ते दाखवलं. मग त्या मुद्द्यापाशी पेन्सिल थांबली.

‘‘हे लिवनं जरुरीचं हाय काय?’’

‘‘कंपनीचा नमुना आहे. सगळ्याच अहवालात असतं,’’ मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. ‘‘मंग राहू द्या. खोटं तं नाई ना.’’

मी ते वाक्य खोडू शकत होते. मराठी मसुद्याला पुण्यात कोणी हात लावणार नव्हतं, तिथे तो कोणी उघडूनही पाहिला नसता. मी खोडलं नाही. खोडायचं मनात आलं आणि तेवढ्यात फोन आला, असंही काही झालं नाही. मनातच आलं नाही. ते वाक्य कोणाबद्दल आहे हे माझ्या समोर बसलेल्या माणसाला कळलं होतं. मला ते पूर्ण कळायला वेळ लागला.

विश्वस्तांनी एका बैठकीत मंजुरी दिली. ऑक्टोबरमध्ये दोन नवीन यंत्रं आली आणि जुनी एकेक करून आत घ्यायला सुरुवात झाली. हे काम देवमनभाऊंशिवाय होण्यासारखं नव्हतं. कोणता प्रोग्राम कोणाशी बोलतो, केसपेपर बंद केला तर औषधांच्या खिडकीवर काय अडतं, हजेरीचं यंत्र पहिल्या तारखेला का हलवायचं नाही, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यांच्या वहीत थोडं, डोक्यात बाकीचं. ते मला सांगत गेले, मी टिपून घेत गेले. माझ्याकडून नवीन पद्धतही ते शिकले. पाचवं यंत्र त्यांनी एकट्याने हलवलं. मी फक्त मागे उभी होते. पडद्यावर पट्टी भरत गेली, शंभरावर आली आणि ‘एक्स-रे’ नवीन घरात उघडलं, तेव्हा त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. परीक्षेत पहिला आलेला मुलगा बघतो तसं.

दहा यंत्रं हलली. अकरावं लॅबचं. त्यात अठरा वर्षांचे तपासणी अहवाल होते. तेल्हारा, बार्शीटाकळी, सगळीकडच्या रुग्णांचे. तो प्रोग्राम नागपूरच्या शेखर नावाच्या एका प्रोग्रामरने लिहिलेला होता. चोरून कोणी वापरू नये म्हणून त्याने यंत्राच्या मागे एक छोटं कुलूप लावलं होतं. अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा तुकडा, तो जोडलेला असेल तरच प्रोग्राम उघडणार. नवीन यंत्रांना तशी खाचच नव्हती. आम्ही लॅब आत घेतली, सुरू केली, आणि पडद्यावर आलं: कुलूप सापडलं नाही.

पुण्याला विचारलं. ते म्हणाले, प्रोग्राम लिहिणाऱ्याला गाठा. शेखर पाच वर्षांपूर्वीच वारले होते, त्यांचं दुकानही बंद झालेलं. मग पुण्याचं उत्तर आलं, की ते एक जुनं यंत्र तसंच चालू ठेवा, अहवालात अपवाद म्हणून लिहा.

मला बरं वाटलं. ते लपवत नाही. एक यंत्र राहिलं की ते बघायला एक माणूस राहील. उद्धवरावांना सांगायला माझ्याकडे कारण होतं. मी देवमनभाऊंना म्हणाले, ‘‘हे असंच राहू द्या. तुम्ही असेपर्यंत तुम्ही बघा, पुढचं पुढे.’’

ते वहीत त्या दिवशीची नोंद करायला लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले, तेव्हा ते खोलीत त्या एकट्या यंत्रासमोर स्टूल टाकून बसले होते. मांडणीवरच्या दहा जागा रिकाम्या. त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदी पाकिटातली एक सीडी काढली.

‘‘दोन हजार अकरात वीज पडली तवा कुलूप जळलं होतं. शेखरसाहेब स्वतः आले, नवं लावलं. जाता जाता हे मले देली. म्हणे, कधी मी नसलो आन् हेही जळलं, तं हे टाकजो. याले कुलूप लागत नाई.’’

‘‘तुमच्याकडे होती? इतके दिवस?’’

‘‘घरी होती. पेटीत.’’

मी सीडी हातात घेतली नाही. म्हणाले, ‘‘देवमनभाऊ, तुम्हाला कळतंय ना, हे यंत्र राहिलं तर...’’

‘‘समजते मले. तीन दिवस तेच इचार करून राह्यलो.’’ त्यांनी यंत्राच्या झाकणावर हात ठेवला. ‘‘पन याची डिस्क जाऊन राहिली मॅडम. परवा दोनदा अडकली. पंखाही गेल्यातच जमा हाय. येत्या उन्हाळ्यात हे नाई टिकत. अठरा सालांचे रिपोर्ट हायेत. कोण्या बाईचं किडनीचं, कोण्या लेकराचं सिकलसेलचं. हे मेलं, तं माह्या नोकरीपायी मेलं असं होईन. मले जमन का ते?’’

‘‘काकूंना सांगितलंत?’’

‘‘तिनंच पेटी उघडून देली.’’

मी सीडी घेतली. दुसरं काय करणार होते? दुपारी बारापर्यंत लॅब नवीन घरात सुरू झाली. एकूण एक अहवाल उघडत होते.

डिसेंबरमध्ये विश्वस्तांसमोर प्रात्यक्षिक झालं. उद्धवराव, आणखी चौघे, सगळे त्या खोलीत दाटीवाटीने उभे. दवाखाना चालू असताना दोनपैकी एक यंत्र बंद करून दाखवायचं ठरलं होतं. वायर काढायचं काम देवमनभाऊंना दिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चालत्या यंत्राची वायर ओढायची नाही, हे ते सव्वीस वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. मी मान हलवली. त्यांनी वायर ओढली.

यंत्राचा आवाज खाली खाली येत थांबला. आम्ही पडद्याकडे पाहत होतो. एकेक नाव दुसऱ्या यंत्राखाली जाऊन हिरवं होत होतं. दीड मिनिटात सगळी अकरा. देवमनभाऊ थांबले नाहीत. पाय ओढत ते बाहेर केसपेपरच्या खिडकीकडे गेले आणि परत आले.

‘‘मॅडम, तिथं लाइन चालूच हाय! पोरगी म्हणे, जरासं अडकलं, मंग झालं सुरू. काय झालं ते कोणाले समजलंच नाई!’’

त्यांचा चेहरा मी विसरलेली नाही. तो आनंद खरा होता. विश्वस्तांनी टाळ्या वाजवल्या. उद्धवराव माझ्याशी हात मिळवून म्हणाले, ‘‘याला म्हणतात काम.’’ देवमनभाऊ वायर हातात घेऊन भिंतीशी उभे होते. कोणीतरी म्हणालं, ‘‘खंडारे, चहा सांगा.’’ ते चहा सांगायला गेले.

पत्र जानेवारीत निघालं. साध्या दोन ओळी. सर्व्हर व्यवस्थेचं काम संपुष्टात आल्याने श्री. देवमन खंडारे यांना त्यांच्या मूळ पदावर, म्हणजे वायरमन या पदावर, पूर्ववत रुजू होण्यास कळवण्यात येत आहे. खोलीची किल्ली भांडारात जमा करावी.

त्यांनी मला कळवलं नाही. रागिणी सिस्टरांचा फोन आला. मी त्याच दिवशी अमरावतीच्या कार्यालयात उद्धवरावांना भेटायला गेले. ते वाईट माणूस नाहीत. वडिलांच्या ओळखीचे, मला लहानपणापासून पाहिलेलं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं.

‘‘उद्धवकाका, ते सव्वीस वर्षं सिस्टीम सांभाळत होते. त्यांच्याशिवाय हे झालं नसतं.’’

‘‘मान्य आहे. पण आम्ही कुठे त्यांना काढलं? पगार तोच, नोकरी तीच. एका पैशाचं नुकसान नाही. त्यांच्यावर काय अन्याय झाला, ते सांग.’’

मनात होतं ते अर्जात लिहिण्यासारखं नव्हतं. ‘‘चोपन्न वर्षांच्या माणसाला शिडीवर चढवणार?’’ एवढंच म्हणाले. ‘‘अकोल्यात यंत्रांजवळ कोणी नको का? प्रती नीट जातात की नाही, ते बघायला?’’

उद्धवरावांनी टेबलाच्या खणातून अहवाल काढला. माझाच. पान उलटलं, बोट ठेवलं. वाचून दाखवलं नाही, नुसतं बोट ठेवलं. मग म्हणाले, ‘‘तांत्रिक पद मंजूर करायचं तर विश्वस्तांना कारण द्यावं लागतं. कारण नाही, हे तूच लिहून दिलंस. आता मी काय करू, सांग. मलाही वाईट वाटतं.’’

खरंच वाईट वाटत होतं त्यांना. मी उठून आले.

संध्याकाळी वडिलांना विचारलं. कायद्यात काही होतं का. त्यांनी पत्र पाहिलं, दोनदा वाचलं. म्हणाले, ‘‘मूळ पदावरच पाठवलंय. त्यांना दुसरं पद कधी दिलंच नव्हतं, तर हिरावलं काय? केस उभी राहत नाही.’’

त्यानंतर वर्षभर मी अकोल्याला गेले नाही. जायचं कामच पडलं नाही. घरी बसून मला सगळं दिसतं. दोन्ही यंत्रं, आतली अकरा आणि नंतर उभी केलेली तीन. प्रत रोज वेळेवर येते. एकदाही काही बंद पडलेलं नाही. मे महिन्यात पुन्हा सेहेचाळीस अंश झालं, मला आलेखात तापमानाची रेघ सरळ दिसत होती. देवमनभाऊंना मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ते म्हणाले, ‘‘मजेत हाय,’’ आणि सिस्टीम नीट चालून राहिली ना, एवढं विचारलं.

गेल्या फेब्रुवारीत दुसऱ्या एका कामासाठी अकोल्याला गेले, तेव्हा दवाखान्यात डोकावले. बायकांच्या वॉर्डात ते शिडीवर होते, छताचा पंखा काढत होते. खाली एका पेशंटची सासू शिडी धरून उभी होती. मला पाहून ते हळूहळू उतरले. प्रत्येक पायरीवर आधी डावा पाय, मग उजवा त्याच पायरीवर, मग पुढची.

‘‘गुडघा?’’ मी विचारलं.

‘‘चालून राह्यलं. हलकं काम द्या म्हणून अर्ज देला होता. वायरमनले हलकं काम कोणतं म्हणते ते.’’ ते हसले. ‘‘बरोबरच हाय.’’

आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. सर्व्हरच्या खोलीत आता पुन्हा चादरी ठेवतात. नवीन दोन यंत्रं एक्स-रेच्या बाजूला काचेच्या कपाटात आहेत, त्याची किल्ली भांडारात. त्यांना पाहता येतात, काचेतून. ते वॉर्डावॉर्डात जातात तेव्हा नवीन नर्स त्यांना ‘ओ वायरमन’ म्हणतात, जुन्या अजून ‘खंडारेभाऊ’.

‘‘मॅडम, एक काम होतं,’’ ते म्हणाले. ‘‘मी हे मशीनीचं काम केलं, असा एक कागद देता काय? कोठी दाखवाचा नाई. दोन सालात रिटायर होईन. पेन्शनच्या फाइलीत सगळीकडं वायरमनच हाय. नातू इचारन तं काय दाखवू?’’

मी त्याच बाकावरून पुण्याला फोन लावला. कंपनीच्या कागदावर प्रमाणपत्र हवं आहे, अकोल्याच्या कामात यांचा निम्मा वाटा होता. साहेबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, तो माणूस आपला कर्मचारी नव्हता, गिऱ्हाइकाचा होता. गिऱ्हाइकाने द्यायला हवं. गिऱ्हाइकाकडे मागण्यात अर्थ नव्हता, त्यांच्या दप्तरात देवमनभाऊ वायरमनच होते.

शेवटी मी माझ्या वहीचं पान फाडलं आणि हाताने लिहिलं. श्री. देवमन खंडारे यांनी या दवाखान्याची अकरा सर्व्हर यंत्रं सव्वीस वर्षं चालू ठेवली आणि ती सर्व नवीन व्यवस्थेत स्वतः हलवली. हे काम मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. खाली सही, तारीख. शिक्का नाही. हा कागद कुठेही चालणार नाही हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला. ‘‘‘स्वतः’ लिवलं ते बरं केलं,’’ म्हणाले. घडी न घालता शर्टाच्या आत, बनियनला लावून ठेवला, म्हणजे चुरगळणार नाही.

वॉर्डातून हाक आली, ‘‘ओ वायरमन, पेशंटले गरम होऊन राह्यलं, पंखा कधी लावता?’’

‘‘आलो, आलो.’’ ते बाकाचा हात धरून उठले. ‘‘पंचफुलानं सांगतलं होतं, कधी भेटल्या तं घरी आणजा म्हणून. आज याल काय?’’

मी म्हणाले, बस आहे तीनची. तीनची बस नव्हती. त्यांना ते माहीत होतं की नाही, कोण जाणे. ते म्हणाले, ‘‘बरं बरं, आरामात जाजा,’’ आणि पेशंटच्या सासूने धरलेल्या शिडीवर पुन्हा चढायला लागले. मी दारात उभी राहून पाहिलं. मग निघाले.